पोविस किल्ला: वेल्श राजाची गढी आणि क्लाइव्ह घराण्याची दौलत

वेल्समधले बरेचसे गाजलेले किल्ले इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्श लोकांवर जरब बसवायला बांधले. वेल्शपूलजवळचा पोविस त्यातला नव्हे. तेराव्या शतकात तो तिथल्याच राजघराण्याने उभारला. १५८७ मध्ये हर्बर्ट घराण्याने तो विकत घेतला आणि तांबूस दगडाच्या त्या गढीचा हळूहळू सरदारी वाडा झाला.

मराठी वाचकाने मात्र इथून पुढचा इतिहास नीट पाहावा. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, तेव्हा आरमार इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं होतं आणि जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या होता रॉबर्ट क्लाइव्ह. मोहिमेत पेशव्यांची साथ होती, पण किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पुढच्याच वर्षी प्लासी झाली आणि क्लाइव्ह गडगंज झाला. त्याचा मुलगा एडवर्ड याने १७८४ मध्ये हर्बर्टांच्या हेन्रिएटाशी लग्न केलं. हर्बर्ट तेव्हा कर्जात बुडालेले होते. हिंदुस्थानातून नेलेला पैसा त्यांच्या कामी आला.

एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असतानाच, १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टण पडलं. टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं रत्नजडित वाघाचं डोकं पोविसला पोचलं. टिपूचा तंबूही गेला: पांढरं सुती कापड, त्यावर फुलदाण्या आणि फुलांचे छाप. मोहिमेवर सुलतानाच्या डोक्यावर असलेलं हे कापड पुढे किल्ल्याच्या बागेत मेजवान्यांसाठी ताणलं जायचं. हे वाचताना आजही चीड येते.

१९५२ मध्ये किल्ल्याचे मालक, पोविसचे चौथे अर्ल (सरदारी किताब) यांच्या निधनानंतर पोविस नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आला. १९८७ मध्ये तिथे क्लाइव्ह संग्रहालय सुरू झालं. हिंदुस्थान आणि पूर्व आशियातल्या हजाराहून अधिक वस्तू इथे आहेत. बहुतेक पर्यटकांना ओढ असते ती उतारावरच्या टप्प्याटप्प्यांच्या बागेची, आणि बाग खरोखर देखणी आहे. पण हे संग्रहालय चुकवू नये. वसाहतवादाशी संबंध असलेल्या ९३ ठिकाणांची जी यादी ट्रस्टने २०२० मध्ये जाहीर केली, तिच्यात पोविस आहे. त्यावरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. माझ्या मते ट्रस्टने योग्यच केलं, आणि प्रत्येक वस्तूशेजारी ती कुणाकडून, कशी आली हेही ठळकपणे लिहावं.