मोटेल आणि मोटेल: अमेरिकेतलं वेगळं, ब्राझीलमधलं वेगळं

ब्राझीलला निघालेलं ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच: "विमानतळाजवळ स्वस्तात मोटेल दिसतंय, आईबाबांना घेऊन दोन रात्री राहू का?" ज्यांच्या कानावर अर्धवट काही आलेलं असतं, ते दुसरं टोक गाठतात: "तिकडे मोटेल म्हणजे वेश्यागृहच ना?" दोन्ही चूक, आणि दोन्ही ऐकून मी आता कंटाळलोय.

अमेरिकेतलं मोटेल तुम्हाला माहीत आहे. 1925 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोला 'मोटर' आणि 'हॉटेल' जोडून हे नाव निघालं. महामार्गालगत एक-दोन मजली इमारत, रात्रीचा दर, काउंटरवर बऱ्याचदा एखादं पटेल कुटुंब. आपल्याकडे एसटी ज्या मोटेलवर थांबते तिथे तर कुणी मुक्कामही करत नाही, ते बाजूलाच ठेवू.

ब्राझीलमधलं मोटेल जोडप्यांसाठी असतं आणि तासांवर मिळतं. पण तासांच्या दरापेक्षा मोठा फरक आहे तो गाडी कुठे उभी राहते याचा. दोन्हीकडे गाडी खोलीच्या दाराशीच येते, म्हणून लोक फसतात. अमेरिकेत ती दारासमोर उघड्यावर असते, कारण सामान काढायला सोपं पडतं. कुणी आलंय हे सगळ्या आवाराला दिसतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ब्राझीलमध्ये सगळी इमारत नेमकं हेच दिसू नये म्हणून बांधलेली असते. रस्त्याकडून उंच भिंत. फाटकावरच्या खिडकीशी गाडीतूनच बोलायचं, ओळखपत्र द्यायचं, खोलीचा नंबर घ्यायचा. प्रत्येक खोलीला स्वतःचं गॅरेज. गाडी आत गेली की मागे शटर किंवा जाड पडदा पडतो आणि गॅरेजमधूनच खोलीत जायचं. जेवण मागवलं तर भिंतीत दोन झडपांचा कोनाडा असतो: वेटर बाहेरच्या झडपेतून ताट ठेवतो, ती लावून घेतो, मग तुम्ही आतली उघडता. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. निघताना फोन करायचा, हिशेब फाटकावर. एकदा हे समजलं की आईबाबांना तिथे का नेऊ नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेश्यागृहाचा गैरसमज मात्र मला जास्त खटकतो. ब्राझीलच्या दंडसंहितेत वेश्यागृह चालवणं गुन्हा आहे. मोटेल हा कायदेशीर निवासव्यवसाय आहे. मोटेल खोली देतं, माणूस देत नाही. लग्नापर्यंत आईवडिलांकडे राहणारी मुलंमुली तिथे जातात, आणि घरात लेकरं, सासू, पातळ भिंती असलेली नवरा-बायकोही जातात. 12 जूनला, तिकडच्या प्रेमिकांच्या दिवशी, मोटेलांबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. तो दिवस सांत आंतोन या ख्रिस्ती संताच्या फेस्ताची, म्हणजे सणाची, पूर्वसंध्या, आणि हा संत लग्नं जुळवणारा मानतात. 13 जूनचं फेस्त गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. एवढ्या साध्या, घरगुती गरजेबद्दल प्रवासाच्या व्हिडिओंतून फिदीफिदी हसणं मला मुळीच आवडत नाही.

गोल पलंग, छतावरचा आरसा, इजिप्तची किंवा जपानची सजावट: फोटो यांचेच फिरतात. साध्या पांढऱ्या भिंतींची मोटेलंही भरपूर आहेत आणि तीही तितकीच मोटेलं आहेत. मला विचाराल तर थीमपेक्षा चादर पाहावी.

जपानचं लव्ह हॉटेल या कुळातलं, पण त्याची घडण निराळी. शहरात ते बऱ्याचदा स्टेशनाजवळ असतं, लोक पायी येतात, खोल्यांच्या उजळलेल्या फोटोंच्या फलकावर बटण दाबून खोली निवडतात. गाडी लपवणारं भावंड शोधायचं तर तैवानमध्ये सापडेल.

ब्राझीलच्या दरपत्रकावर 'पेर्नोइची' दिसलं तर तो रात्रभराचा दर. एकट्या प्रवाशाला झोपण्यापुरता तोही चालून जातो, पण मध्येच पाय मोकळे करायला बाहेर पडून परत यायची सोय सहसा नसते. बाहेर पडलात की हिशेब संपला. घरच्यांसोबत असाल तर पाटीवर 'होटेल' किंवा 'पोउझादा' शोधा. पोउझादा म्हणजे छोटं, घरगुती वळणाचं अतिथिगृह, आणि सकाळी कॉफी, पाव, पपईसकट न्याहारी बहुधा खोलीच्या भाड्यातच असते.