विद्युत चुंबकीय प्रवर्तन

तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. परिपथ बंद, म्हणजे कुठेही न तुटलेला, असेल तर धारा वाहते. मायकेल फॅराडे यांनी १७ ऑक्टोबर १८३१ रोजी पोकळ वेटोळ्यात लोहचुंबकाची कांडी खुपसून हे दाखवले. चुंबक आत जाताना धारा दाखवणाऱ्या गॅल्व्हॅनोमीटरचा काटा एकीकडे झुकतो, बाहेर येताना दुसरीकडे. आत नुसता पडून राहिलेला चुंबक, कितीही जबर असला तरी, काही देत नाही. नवशिक्याची गफलत बहुधा इथेच होते.

दाब किती, हे बदलाच्या वेगावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरते. या वेटोळ्याला पाठ्यपुस्तकात ‘कुंतल’ म्हणतात; तेच ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ‘कॉइल’ होते. मोटार रिवाइंडिंगचा कारागीर जळकी कॉइल कापून उपसतो, तारांची टोके मोजतो आणि वेढे नि गेज (तारेची जाडी) वहीत टिपून ठेवतो. फिरत्या मोटारीच्या कॉइलमध्येही उलटा दाब तयार होत असतो, आणि आत शिरणाऱ्या धारेला तोच आवर घालतो. वेढे कमी पडले की धारा वाढते, मोटार तापते आणि गिऱ्हाईक तीच मोटार घेऊन परत येते.

हा उलटेपणा हाइनरिख लेंझ यांनी १८३४ मध्ये नियमात बांधला: निर्माण झालेली धारा तिला जन्म देणाऱ्या बदलालाच विरोध करते. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की आतला चुंबक स्थिर कॉइलमध्ये गरगरतो, दिवा लागतो आणि पायडल जड होते. (थोडे जडपण घासण्याचे; पण दिव्याची तार निखळली की पाय लगेच हलके होतात.) कोपरी पुलाच्या चढावर वेग उतरला की दिवा मिणमिणू लागे.

वीजकेंद्रातही बहुधा चुंबकच फिरतो, फक्त तो विद्युतचुंबक असतो. दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो, तेव्हा घरातली ५० हर्ट्झची वीज मिळते.

ठाणे स्थानकात शिरणारी नवी लोकल ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटारी जनित्रे होतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. दारातला प्रवासी पुढे झुकतो, त्यात लेंझच्या नियमाचाही वाटा असतो. वेग अगदी उतरला की हा विरोध पुरत नाही. शेवटचे काही मीटर गाडी घर्षणाच्या ब्रेकवरच थांबते.