सिंहाची गर्जना, वाघाची डरकाळी: फरक घशात की जगण्यात?

प्राथमिक शाळेत 'जोड्या लावा' या प्रश्नात प्राणी एका बाजूला आणि त्यांचे आवाज दुसऱ्या बाजूला असत. घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, गाढव रेकतं. सिंहासमोर गर्जना आणि वाघासमोर डरकाळी; ही जोडी उलटली की गुण गेला. मोठेपणी आपण हा नियम खुशाल विसरतो आणि 'वाघाची गर्जना' असंही बिनदिक्कत लिहितो. पण प्राण्यांच्या ध्वनींचा अभ्यास करणाऱ्यांनी या दोन आवाजांची चिरफाड केली, तेव्हा शाळेतला तो गुण अगदीच फुकट कापला जात नव्हता असं दिसतं.

आधी घसा पाहू, कारण फरक तिथेच असेल असं कुणालाही वाटेल. 1834 मध्ये रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने सिंहाच्या हायॉइडचं वर्णन केलं. जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या या सांगाड्यात सिंहाच्या बाबतीत एक भाग हाडाचा नसून ताणला जाणाऱ्या अस्थिबंधाचा असतो. 1916 मध्ये पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने त्यावरून मार्जारकुळाची विभागणीच करून टाकली. हायॉइड लवचीक असेल तर प्राणी गरजणार, पूर्ण हाडाचा असेल तर मांजरासारखा घुरघुरणार. नियम इतका सुटसुटीत होता की पाठ्यपुस्तकांत तो अनेक दशकं टिकला. त्याला मोडता घातला हिमबिबट्याने. त्याचा हायॉइड लवचीक असूनही तो गरजत नाही.

खरी करामत स्वरतंतूंची आहे. बहुतेक प्राण्यांच्या स्वरतंतूंच्या घड्या हवेच्या वाटेत त्रिकोणी आकाराने डोकावतात. सिंह आणि वाघाच्या मात्र जवळजवळ चौकोनी, सपाट कडांच्या असतात, कारण त्यांच्या आत चरबीचा थर असतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोघांच्या स्वरयंत्रांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. सपाट कडेमुळे फुफ्फुसातून फारसा जोर न लावताही तंतू थरथरू लागतात आणि प्रचंड आवाज निघतो, असं त्यात दिसलं. आवाज खर्जातला का, याचं उत्तरही तंतूंच्या ताणात आणि लवचीकपणात आहे. सिंहाचा आवाज जवळून मोजला तर 114 डेसिबलपर्यंत जातो. शांत रात्री तो 8 किलोमीटरवर ऐकू येऊ शकतो.

म्हणजे यंत्र दोघांचं जवळपास एकच. मग आवाज वेगळे का?

सिंहाची गर्जना हा एक आवाज नसतो, ती मालिका असते. सुरुवातीला काही हलके, लांबट हुंकार. मग छातीतून येणारे पूर्ण ताकदीचे आवाज. शेवटी आखूड खाकरण्यासारखे 'हं-हं-हं', जे हळूहळू विरत जातात. हा सगळा प्रकार अर्धा-एक मिनिट चालतो आणि क्रम ठरलेला असतो. 2025 मध्ये ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने या मालिकेत पूर्ण गर्जनेखेरीज एक मधल्या दर्जाची गर्जनाही वेगळी काढली. वाघाकडे अशी रचना नाही. हल्ला करताना किंवा डिवचला गेल्यावर तो फोडतो ती डरकाळी क्षणभराची, एकटी, स्फोटासारखी असते. दूरच्या वाघाला साद घालायची असेल तर तो 'आऽऊंघ' असा लांब आवाज काढतो आणि थांबून तोच पुन्हा काढतो. म्हणूनच काही ध्वनितज्ज्ञ काटेकोर व्याख्येने वाघाला 'गरजणाऱ्यां'च्या यादीत घेतच नाहीत. मराठीची क्रियापदंही इथे मजेशीर आहेत: गर्जना करतात, डरकाळी फोडतात. एकात काहीतरी जाहीर करणं आहे, दुसऱ्यात फुटणं.

जाहीर करणं म्हणजे काय, हे टांझानियातल्या सेरेंगेटीत कॅरन मॅकोम्ब, क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्यूझी यांनी छान दाखवलं. त्यांनी सिंहिणींच्या कळपांना अनोळखी सिंहिणींच्या ध्वनिमुद्रित गर्जना ऐकवल्या, कधी एकटीची, कधी तिघींची एकत्र. एकटीचा आवाज ऐकला की कळपातल्या माद्या त्या दिशेने चालून जात. तिघींचा ऐकला तर बऱ्याचदा जपून राहत, आणि आपली संख्या जास्त असेल तरच पुढे सरसावत. समोरचे किती आहेत हे त्या कानांनी मोजत होत्या. 1994 च्या या शोधनिबंधापेक्षा मला त्यानंतरची एक नोंद जास्त आवडते: स्वतःचा इलाखा नसलेले भटके नर गरजतच नाहीत. गर्जना म्हणजे पत्ता सांगणं, आणि ज्याला पत्ताच नाही तो तोंड उघडून मार कशाला ओढवून घेईल?

वाघाला एवढ्या मोजामोजीची गरज नसते. तो एकटा राहतो, आणि हद्दीची भाषा मुख्यतः वासाची: झाडांवर मूत्राची फवारणी, खोडांवर नखांचे ओरखडे. आवाजाची वेळ येते ती माजावर आलेल्या वाघिणीची, नराची किंवा बछड्यांना बोलावणाऱ्या आईची. ताडोब्यात वाघ दिसावा म्हणून गाईड तासन्‌तास कान लावून बसतात ते बहुधा चितळ, सांबर किंवा वानराच्या इशाऱ्यासाठी. वाघाच्या आवाजाची वाट पाहत बसलात तर सफारीची वेळ संपून जाईल. ओळखीच्या वाघाला भेटल्यावर तो नाकातून 'फ्र्र-फ्र्र' करतो, पण ते जवळ असल्याशिवाय ऐकू येत नाही.

एकत्र राहणारा मालिका करतो आणि एकटा राहणारा नुसता फोडतो, असं म्हणून हात झटकता आले असते. बिबट्या ते करू देत नाही. तो वाघाइतकाच एकांडा, पण त्याचा दूरवर जाणारा आवाज मात्र ठरलेल्या लयीची मालिका असतो, लाकडावर करवत पुढे-मागे चालवावी तसा खरखरीत. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारचंही असंच. त्यामुळे वाघाला नाकारणारी ती काटेकोर यादी सिंह, बिबट्या आणि जॅग्वार अशी होते. जुन्नरच्या उसात राहणाऱ्या बिबट्याच्या आवाजाला गर्जना म्हणायला आपली जीभ अजून रेटत नाही, पण व्याख्येने तो मान वाघापेक्षा त्याचाच जास्त आहे.