खुराला अडवणारा, चाकाला सोडणारा रस्ता

गाय रस्त्याने रमतगमत येते. दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण आहे, समोर मात्र फाटक नाही. पलीकडचे हिरवे गवत तिला स्पष्ट दिसते आहे. तरीही एका ठिकाणी ती थबकते. मान खाली घालते, नाक जमिनीजवळ नेऊन फुसकारते, पुढचा एक पाय उचलते आणि होता तिथेच ठेवते. मग तोंड फिरवून परत जाते. तिच्या पुढ्यात रस्त्याला आडव्या टाकलेल्या लोखंडी दांड्या आहेत, दांड्यांमध्ये फटी आणि फटींखाली काळोख. थोड्या वेळाने त्याच दांड्यांवरून एक मोटार खडखडत निघून जाते. चालकाला ना थांबावे लागते, ना उतरून फाटक उघडावे लागते.

ब्रिटनमध्ये याला कॅटल ग्रिड म्हणतात, अमेरिकेत कॅटल गार्ड, पश्चिम कॅनडात टेक्सास गेट, न्यूझीलंडमध्ये कॅटल स्टॉप. नाव कोणतेही असो, गुरांना अडवण्याचे मुख्य काम लोखंड करत नाही. ते काम जनावराच्या मनातली शंका करते: इथे पाय टेकेल की नाही? ही शंका टिकली तर ग्रिड टिकते, म्हणून ग्रिडची प्रत्येक मोजमापाची बाब शेवटी याच शंकेशी येऊन भिडते.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे तिला जवळजवळ ३३० अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. मागून दबक्या पावलांनी येणारा शिकारीही सुटत नाही. त्याची किंमत तिला समोर मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा पट्टा अरुंद असतो, आणि खोलीचा अंदाज येतो तो मुख्यतः याच पट्ट्यात. चालताना मान वर असेल तर पायाजवळची गडद रेघ ही सावली आहे, डबके आहे की खड्डा, हे तिला कळत नाही. म्हणून ती थांबते आणि मान खाली घालून बघते. गोठ्यातल्या गटाराची जाळी किंवा दारात पडलेली कडक सावली पाहून गुरे अडून बसतात, त्याचेही कारण हेच.

अमेरिकेच्या पश्चिम भागात या कमजोरीचा पुरेपूर उपयोग करून घेतात. काही रस्त्यांवर खड्डा नाही, दांड्याही नाहीत. डांबरावर नुसते पांढरे आडवे पट्टे रंगवलेले असतात. खरी ग्रिड पाहिलेली गुरे तर तिथे थांबतातच, पण कधीच न पाहिलेलीही अनेकदा थबकतात. मात्र हा रंगाचा धाक कच्चा असतो. पलीकडे चारा दिसत असेल, मागे कुत्रा लागला असेल किंवा वासरू पलीकडे राहिले असेल, तर एखादी गाय धीर करून पाऊल टाकते. पाय खाली जात नाही हे तिला कळते, आणि तिच्या मागोमाग कळप जातो. म्हणूनच खऱ्या ग्रिडमध्ये शंकेला आधार म्हणून खरा खड्डा लागतो.

हा खड्डा, त्याच्या काँक्रीटच्या भिंती, तळाला पाणी काढून देणारा नळ, वर लांबीच्या दिशेने टाकलेल्या तुळया आणि तुळयांवर आडव्या दांड्या, एवढाच सगळा सांगाडा. गुरांसाठी ग्रिडची लांबी, म्हणजे जनावराला ओलांडावे लागणारे अंतर, साधारण दोन ते अडीच मीटर ठेवतात. हरणासारख्या उडी मारणाऱ्या प्राण्याला एवढे पुरत नाही. फ्लोरिडातल्या बिग पाइन की बेटावर तिथल्या दुर्मीळ, ठेंगण्या ‘की डिअर’ हरणांना हमरस्त्यापासून दूर ठेवण्यासाठी ग्रिड सुमारे ६ मीटरची करावी लागली.

फटीची रुंदी साधारण १० ते १५ सेंमी असते. ती इतकीच का, हे शाळेतल्या भूमितीने समजते. फट १२ सेंमीची आणि मोटारीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंमी धरा. दोन दांड्यांवर टेकलेले चाक मधल्या फटीत किती खाली उतरेल? ३० उणे (९०० वजा ३६) चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.६ सेंमी. अवघे ६ मिलिमीटर! टायर तेवढे सहज पचवतो. आता चाकाची त्रिज्या ७.५ सेंमी करून पाहा. उत्तर येते ३ सेंमी. आणि त्रिज्या ६ सेंमी झाली की चाक फटीतच बसते. बाबागाडीची किंवा व्हीलचेअरची पुढची चिमुकली चाके ग्रिडवर का अडकतात, ते यावरून स्पष्ट होते.

आवाजाचाही हिशेब सोपा आहे. दांडी ८ सेंमी आणि फट १२ सेंमी, म्हणजे दर २० सेंमीला एक ठोका. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणून सेकंदाला ५० ठोके. वेग दुप्पट झाला की ठोके शंभर होतात आणि खडखडाटाचा घुमणारा सूर होतो. रात्री हा सूर दूरवर ऐकू जातो, म्हणून ग्रिड घरांपासून लांब ठेवणे शहाणपणाचे. ग्रिड नुसतीच घुमत नसून ठणठणत असेल, तर बहुधा एखादी दांडी सुटली आहे. ती तपासायलाच हवी, कारण सैल दांडी प्रत्येक चाकाखाली आपटते आणि जोडाला तडा जातो.

चाक फटीवरून तरून जाते, खुराला ही सवलत मिळत नाही. मोठ्या गाईचा खूर जेमतेम १०-१२ सेंमी रुंद, आणि तो चाकासारखा दोन दांड्यांवर तोललेला राहत नाही. घसरून आत जातो. गोल पाइप वापरण्यामागे हाच हेतू असतो, पाऊल अर्धवट पडले तरी ते निसटावे. मेंढीचे गणित वेगळे. तिचा खूर चार-पाच सेंमीचा, त्यामुळे रुंद सपाट पट्टीवर तो पूर्ण मावतो आणि ती मोजून पाऊल टाकत पार होऊ शकते. सर्वांत धोका घोड्याला. त्याचा पाय आत गेला आणि तो धडपडला, तर हाड मोडते. घोडेस्वाराने ग्रिडवरून जायचे धाडस कधीच करू नये.

त्यासाठी शेजारी फाटक असते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवरील ग्रिडसाठी १९५० साली स्वतंत्र कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये आज त्याच्या तरतुदी १९८० च्या महामार्ग कायद्यात आहेत. जनावरांना आणि ग्रिडवरून जाऊ न शकणाऱ्या वाहतुकीला बगलेने वाट ठेवणे हा त्यातला महत्त्वाचा भाग. हे फाटक उघडे राहिले, तर शेजारची ग्रिड कितीही चांगली असली तरी व्यर्थ.

दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टसारख्या भागात या व्यवस्थेचे मोल कळते. तिथे चराईचा हक्क असलेल्या स्थानिकांचे पोनी, गुरे, गाढवे मोकळी चरतात आणि आतल्या बहुतेक रस्त्यांना कुंपण नाही. सीमेवरच्या ग्रिड त्यांना जंगलात ठेवतात, पण आतल्या रस्त्यापासून वाचवत नाहीत. म्हणून आत ताशी ४० मैलांची मर्यादा आहे आणि अनेक पोनींच्या गळ्यात प्रकाश परावर्तित करणारे पट्टे असतात. ग्रिड ओलांडताच चालकाने समजून घ्यायचे: आता जनावर रस्त्यावरच असू शकते. सायकलस्वाराने दांड्यांवर काटकोनात, सरळ हँडलने जावे. वेग आधीच कमी करावा, कारण ओल्या लोखंडावर ब्रेक दाबला किंवा वळण घेतले की चाक निसटते.

ग्रिड निकामी होते ती बहुतेक वेळा गाळाने. प्रत्येक चाक थोडी खडी आणि माती आत ढकलते, शरद ऋतूत पालापाचोळा भरतो, नळ तुंबतो, पाणी साचते. खड्डा वरपर्यंत भरला की खुराला तळ लागतो आणि शंका संपते. कडाक्याच्या थंडीत दाबून बसलेला बर्फ फटींवर पूल बांधतो, तेव्हा तर कळप पक्क्या रस्त्यावरून गेल्यासारखा पार होतो. म्हणून पानगळीनंतर आणि हिवाळा संपल्यावर दांड्यांचा सांगाडा उचलून खड्डा उपसणे आवश्यक आहे. सांगाडा तुकड्यांत, उचलता येईल असा हवा तो त्यासाठीच.

आणखी दोन दोष रचनेतले. खालच्या तुळया दांड्यांच्या माथ्याच्या अगदी जवळपर्यंत वर आल्या, तर जनावराला त्यांच्यावर पाऊल टाकायला सलग पायवाट मिळते. दुसरा दोष कडेचा. खड्ड्याच्या बाजूची भिंत पाऊल मावेल इतकी रुंद ठेवली आणि कुंपण तिच्यापासून लांब उभारले, तर मेंढ्या त्या कडेवरून एकामागून एक जातात. बाजूचे पंख, म्हणजे ग्रिडपासून कुंपणापर्यंतचे तिरके कठडे, जागा न सोडता जोडलेले असावे लागतात.

यॉर्कशायरमधल्या मार्सडेनच्या मेंढ्यांनी तर यापुढची मजल मारली. २००४ साली बातमी आली की तिथल्या मेंढ्या ग्रिडवर आडव्या पडून, लोळत पलीकडे जातात आणि गावातल्या बागा फस्त करतात. पाय टेकवायचाच नाही, मग फट काय करणार! एकीने उकललेले कोडे बाकीच्या बघून शिकतात, हे पशुपालकाने विसरू नये.

छोट्या जिवांसाठी मात्र तीच फट सापळा ठरते. हेजहॉग (काटेरी पाठीचा छोटा प्राणी), बेडूक, भुंगेरे आत पडतात आणि उभ्या गुळगुळीत भिंतीवर चढता न आल्याने उपाशी मरतात. श्रॉपशायरमध्ये मेजर एड्रियन कोल्स यांना ग्रिडमध्ये अडकलेला हेजहॉग दिसला. त्यांनी खड्ड्यांत उतरंडी बसवण्याचा आग्रह धरला आणि १९८२ साली ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन केली. उतरंड म्हणजे खड्ड्याच्या एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत नेलेली खरखरीत काँक्रीटची किंवा लाकडाची अरुंद तिरकी पट्टी. ती चाकांच्या माऱ्याबाहेर, कडेला हवी. चढ सौम्य हवा आणि वरचे टोक दांडीखाली न अडता मोकळ्या गवतात निघायला हवे. गाळ उपसताना ती हमखास उखडली जाते, तेव्हा सांगाडा परत बसवण्याआधी ती जागेवर आहे ना, हे हाताने हलवून पाहावे.