मायोसिन काढलं तरी पेशी चालली, त्यामागची गोष्ट

स्लाइम मोल्ड (अमिबासारखे सरपटणारे बुरशीसदृश जीव) आणि मोटर प्रोटीन (पेशीत ओढाताण करून हालचाल घडवणारी प्रोटीनं, मायोसिन त्यातलंच) म्हटलं की सगळे थेट १९८७ वर येतात, मीपण येणारच आहे, पण आधीचं थोडं सांगतो. कुजक्या लाकडावरचं पिवळं फायसेरम, म्हणजे एक स्लाइम मोल्ड, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, नसांमधला रस सुसाट धावतो, मंदावतो, क्षणभर थांबतो आणि उलटा वाहायला लागतो, दर एक-दोन मिनिटांनी. १९५० च्या दशकात त्यात स्नायूंसारखं प्रोटीन सापडलं, १९६६ ला अ‍ॅक्टिन (ज्याच्या धाग्यांना मायोसिन ओढतं ते प्रोटीन) शुद्ध करून काढलं. तोवर हा सगळा स्नायूंचा मामला समजला जायचा.

मग डिक्टिओस्टेलियम, दुसरा एक स्लाइम मोल्ड, एरवी सुट्या अमिबांसारखा जगणारा आणि उपासमार झाली की हजारोंनी गोळा होऊन देठ उभा करणारा. १९८७ ला एकीकडे त्यातल्या मायोसिन-२ चं, म्हणजे स्नायूंसारख्या मायोसिनचं जीनच मोडलं, दुसरीकडे अँटिसेन्स आरएनए (जीनचा संदेश अडवणारा उलटा आरएनए) वापरून ते जवळपास बंद पाडलं. पेशी जागची हलणार नाही असंच वाटत होतं, तर ती सरपटत निघाली! द्रवात मात्र तिला दुभंगता येईना, केंद्रकं वाढत गेली, पेशी फुगत गेली. काचेवर ठेवली तर दोन टोकं दोन दिशांना चालू लागायची आणि मधे ताणून तुटायची, तेच तिचं विभाजन.

यावर आक्षेप आला तो रास्तच होता, कारण मोडलेल्या जीनमधून मायोसिनचा डोक्याकडचा, म्हणजे अ‍ॅक्टिनला ओढणारा तुकडा अजून बनत होता, मग तोच काम भागवत नसेल कशावरून? १९८९ मध्ये अख्खं जीन काढलं, तरी पेशी चाललीच. इथून "हालचालीला मायोसिन लागत नाही" हे वाक्य रूढ झालं आणि माझ्या मते त्यानेच खरा घोळ केला. एकतर त्या पेशी संथ होत्या, दिशा नीट धरत नव्हत्या, हजारोंनी गोळा झाल्या तरी ढिगाऱ्याच्या पुढे जाऊन देठ उभा करता येत नव्हता. आणि काढलं होतं ते फक्त मायोसिन-२. एका डोक्याचं मायोसिन-१ तर १९७३ लाच दुसऱ्या एका अमिबात सापडलेलं, पण त्याला "अपारंपरिक" म्हणून बाजूला बसवलं, कारण परंपरा स्नायूंवरून ठरलेली. २००५ ला डिक्टिओस्टेलियमचा जिनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा आराखडा, आला तेव्हा मायोसिनची तब्बल १३ जीन्स निघाली!

आता चित्र असं की पुढचं टोक अ‍ॅक्टिनचे धागे वाढून ढकललं जातं आणि मायोसिन-२ मागचा भाग आवळून ओढून घेतं. २००३ मध्ये त्याच मायोसिन-२ नसलेल्या पेशी अ‍ॅगारच्या, म्हणजे घट्ट जेलीच्या थराखाली दाबून चालवल्या, मोकळ्या काचेवर सरपटणाऱ्या त्या पेशी तिथे अडकल्या.