कांगारूचं मांस चिवट? आधी तवा बघा!

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्याला कुणी ना कुणी सांगतंच: कांगारूचं मांस म्हणजे कुत्र्या-मांजरांचं खाणं, चिवट नि उग्र. पहिली गोष्ट एके काळी बरीचशी खरी होती. साउथ ऑस्ट्रेलियात माणसांसाठी त्याची विक्री १९८० साली कायदेशीर झाली, इतर बहुतेक राज्यांत १९९३ उजाडलं. तोवर तिथे ते पाळीव प्राण्यांच्या डब्यांतच जायचं. तिथले आदिवासी हजारो वर्षं ते खात आलेत, हे मात्र कुणी सांगत नाही.

चिवटपणाचा दोष बहुतेकदा शिजवणाऱ्याचा. चरबी जेमतेम २ टक्के, म्हणून मांडीचा तुकडा जास्त शिजला की चपलेचं कातडं. तवा कडकडीत तापवा, तेल तव्यात न ओतता तुकड्यालाच चोळा, दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटं भाजा आणि तव्यावरून उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवा. आतून गडद लालच राहतं, घाबरू नका. शेपटीचं उलटं: ती मंद आचेवर तासन्‌तास रटरटू द्यावी.

प्रथिनं, लोह, जस्त भरपूर. फक्त गरोदर बाईने अर्धंकच्चं खाऊ नये, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका असतो. वास? रानातल्या प्राण्याचा थोडा असतोच. मला तो आवडतो.