वादळ आलं की पट्टा फुगतो? दर वेळी नाही

१० मे २०२४ च्या रात्री सौर वादळामुळे लडाखमधल्या हानलेचं आकाश तांबडं झालं. इतक्या दक्षिणेला ध्रुवीय प्रकाश दिसणं दुर्मीळ, त्यामुळे फोटो भराभर फिरले. पण त्या वादळाची मोठी उलथापालथ डोळ्यांना दिसणारी नव्हतीच. ती हजारो किलोमीटर उंचीवर, व्हॅन ॲलन पट्ट्यांत चालली होती.

हे पट्टे म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांची कडी. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ उपग्रहावरच्या गायगर गणकामुळे (किरणोत्सार मोजणारं उपकरण) जेम्स व्हॅन ॲलन यांना त्यांचा सुगावा लागला. आतल्या पट्ट्यात मुख्यतः प्रोटॉन. तो वादळांना फारशी दाद देत नाही. बाहेरच्यात इलेक्ट्रॉन, आणि खरा लहरी तोच.

वादळ आलं की हा पट्टा फुगणार, असं कुणालाही वाटेल. पण पावणेतीनशे वादळांचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे निम्म्या वादळांनंतरच इलेक्ट्रॉन वाढलेले आढळले. साधारण पाचव्या हिश्शात ते चक्क घटले होते, बाकीच्यांत फारसा फरकच नव्हता. कारण हौद एकीकडे भरतो आणि दुसरीकडे गळतो, तेही एकाच वेळी.

गळती सोपी आहे. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहणारा कणांचा झोत, चुंबकीय क्षेत्राची सूर्याकडची हद्द आत रेटतो; पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ज्या इलेक्ट्रॉनांची वाट हद्दीबाहेर जाते, ते अवकाशात निसटतात. काही वातावरणात कोसळतात.

भर पडते ती रात्रीच्या बाजूने. तिथे चुंबकीय क्षेत्र लांब शेपटीसारखं ताणलेलं असतं. ताण एकदम सुटला की त्याला उपवादळ म्हणतात, आणि तेव्हाच ध्रुवीय प्रकाश उसळून नाचू लागतो. (तो प्रकाश पट्ट्यातून सांडलेल्या कणांचा, ही समजूत मात्र चुकीची. तो उजळवणारे इलेक्ट्रॉन बहुतेक शेपटीकडचे आणि ऊर्जेने किरकोळ.) त्याच झटक्यात काही लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात आणि त्यांच्यामुळे ‘कोरस’ लहरी उठतात. स्पीकरवर त्या पहाटेच्या पाखरांसारख्या किलबिलतात, म्हणून हे नाव. या लहरी मोजक्या इलेक्ट्रॉनांना रेटत रेटत दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे नेतात. असे कण उपग्रहाच्या कवचातून आत शिरतात, तारांच्या आवरणात साचत जातात आणि मग ठिणगी उडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे दोन ॲनिक उपग्रह एकाच दिवशी बिघडले, त्यामागे हेच कारण मानलं जातं.

मे २०२४ चा निकाल कळला तो गमतीशीर रीतीने. कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांचा सीआयआरबीई हा चिमुकला उपग्रह एप्रिलमध्ये बिघडून मुका झाला होता. ऐन वादळात तो झोपलेलाच. जूनमध्ये जागा झाला, तर नेहमीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या, एरवी ओस जागेत दोन नवे पट्टे! एकात इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात प्रोटॉनही. २०१२ मध्ये सापडलेला असाच तात्पुरता पट्टा चार आठवड्यांत पुसला गेला होता. या वेळचा इलेक्ट्रॉनांचा पट्टा तीन महिन्यांहून जास्त टिकला, कारण इतक्या आत गळती मंद असते. जून आणि ऑगस्टमधल्या वादळांनी तो विरळ केला. ऑक्टोबरमध्ये सीआयआरबीई स्वतःच वातावरणात जळून गेला. वादळांनी वरची हवा फुगवून त्याला खाली ओढलं होतं.